सोवळ्यातली दिवाळी आणि सोवळ्याबाहेरची पोरं

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. लिटिल शेफ वर्कशॉप, वय ५ ते १२, गॅस नाही, सुरी नाही, ऍप्रन आणि टोपी मिळेल. दीड तासात पोरं बिस्किटांचा चुरा करतात, त्यात डब्यातलं आटवलेलं दूध ओततात, गोळे वळतात, खोबऱ्यात घोळवतात, फोटो काढून घेतात आणि घरी येतात. फी भरलेली असल्यामुळे आईबाप ते गोळे कौतुकाने खातात. त्याच आठवड्यात त्याच बिल्डिंगमध्ये कुठल्यातरी घरात एक बाई ऑफिसातून आल्यावर रात्री अकरा वाजता एकटी चकल्या तळत उभी असते, आणि पोरगं दार लोटून आतल्या खोलीत असतं, कारण "तळणाजवळ येऊ नकोस". उरलेल्या घरांत फराळाचे बॉक्स आलेले असतात.

ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं कोणाला वाटत नाही. माझं डोकं तिथे फिरतं.

आपल्या धंद्यातल्या भाषेत सांगतो. नवीन पोराला कंपनीत घेतलं आणि वर्षानुवर्षं नुसत्या सँडबॉक्समध्ये खेळवलं, प्रॉडक्शनला कधी हातच लावू दिला नाही, तर तो इंजिनियर होत नाही. त्याला ट्रेनिंगची सर्टिफिकेटं मिळतात, बस. बिस्किटांचे गोळे म्हणजे सँडबॉक्स. ते बिघडूच शकत नाहीत, आणि बिघडले तरी कोणाचं काही अडत नाही. दिवाळीचा फराळ म्हणजे प्रॉडक्शन. लोक खरोखर घरी येणार आहेत, खरोखर खाणार आहेत, आणि करंजीची कड नीट चिकटली नाही तर ती कढईत उघडून सारण सगळ्या तुपात पसरणार आहे. मुलांना ह्या दुसऱ्या ठिकाणी घ्या, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि 'मुलांना' म्हणताना माझा रोख मुलग्यांवर जास्त आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आता ही दार लोटून घ्यायची सवय आली कुठून, तर त्याचं अगदी शुद्ध रूप मी माझ्या आजोळी पाहिलंय. आजोळ नृसिंहवाडीचं. शिरोळ तालुक्यात, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, दत्ताचं गाव. (तुमच्यापैकी निम्मे लोक तिथे जाऊन बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी घेऊन आलेले असणार. कवठाची बर्फी न घेता आला असाल तर पुन्हा जा.) वाडीत देवाच्या पादुकांची पूजा करणारी घरं आहेत, आणि अशा घरांत बाहेरगावच्या लोकांची जेवणं पूर्वापार होत आलेली आहेत. आश्विन वद्य द्वादशीला तर दुहेरी गर्दी. एकीकडे गुरुद्वादशी आणि त्याच तिथीला वसुबारस. म्हणजे दिवाळीचा पहिला दिवा लागतो त्या दिवशी घरात पाहुण्यांच्या पंगती उठत असतात.

आणि सगळं सोवळ्यात. ज्यांना हा शब्द फक्त कथाकादंबऱ्यांतून माहीत आहे त्यांच्यासाठी: आंघोळ करून वेगळं ठेवलेलं वस्त्र नेसून स्वयंपाक करायचा, आणि नैवेद्य होईपर्यंत त्या माणसाला, त्या भांड्यांना, त्या पाण्याला बाकी कोणी शिवायचं नाही. आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात उंबरा नव्हता, पण उंबऱ्यापेक्षा पक्की अशी एक रेघ होती. कोणी आखलेली नव्हती तरी सगळ्यांना दिसायची. आम्ही पोरं रेघेच्या अलीकडे. तिथे आम्हाला काम मिळायचं ते घेवड्याच्या शेंगांच्या शिरा काढायचं. घेवड्याची भाजी दत्ताच्या नैवेद्याला लागतेच. गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायात पैलतीरावरच्या अमरापूरच्या गरीब ब्राह्मणाची गोष्ट आहे. घरात दाणा नाही म्हणून त्याची बायको दारच्या वेलाच्या शेंगा रांधून वाढते, आणि गुरु जाताना तो वेलच उपटून टाकतात. वेलाखाली द्रव्याचा हंडा निघतो. आम्ही शिरा काढून परात पुढे सरकवली की ती रेघेपलीकडे जायची. पुढे काय होतं ते आम्हाला ताटातच दिसायचं.

मामी (तेव्हा ती घरात नवीन सून होती) पहाटेपासून बासुंदी ढवळत बसलेली असायची. बासुंदीला अक्कल लागते ती इथे: दूध सारखं हलतं ठेवायचं, कडेला धरलेली साय खरवडून परत आत घ्यायची, एक क्षण हात थांबला की खाली लागतं आणि मग अख्ख्या कढईला करपट वास. दोन तासांच्या ह्या कामात तिच्या जागी पाच मिनिटंसुद्धा कोणी बसायचं नाही, कारण शिवाशिव. आणि गंमत म्हणजे पुष्कळ घरांसारखं आमच्याकडेही वसुबारसेला बायका दूध-तूप खात नसत. म्हणजे जिने ती आटवली तिला त्या दिवशी तिची चवही नाही. आम्ही पुरुष मंडळी दोन-दोन वाट्या हाणून "यंदा जरा जास्त घट्ट झालीये का?" अशी चर्चा करायचो.

हे मी जुन्या लोकांना शिव्या घालायला सांगत नाहीये. मला सांगायचंय ते असं की तुम्ही-आम्ही सोवळं सोडलं, पण ती रेघ जशीच्या तशी उचलून फ्लॅटमध्ये आणली. तेव्हा "शिवशील" होतं, आता "चटका बसेल", "पसारा करशील", "तुझा अभ्यास बघ", "फोटोत बरं दिसलं पाहिजे" आहे. मॉड्युलर किचनच्या ओट्याला पोरांचे पिठाचे हात लागू नयेत म्हणून जपणारी आई आणि आमची आजी ह्यांच्यात मला काडीचा फरक दिसत नाही. आजीकडे निदान देव तरी होता. तुमच्याकडे ग्रॅनाईट आहे.

ह्यावर नेहमीचं उत्तर येतं: अरे, पूर्वी बघ कसं सगळं घर मिळून फराळ करायचं, वाड्यातल्या बायका एकत्र जमायच्या, गप्पा मारत लाडू वळायच्या! हो, बायका जमायच्या. त्या वाक्यात पुरुष कुठे आहेत ते शोधून दाखवा. मुली कुठे होत्या? त्या आत होत्या, आणि त्यांना कोणी 'लिटिल शेफ' म्हणत नव्हतं. दहा वर्षांच्या मुलीला पोळी यायलाच हवी, कारण उद्या सासरी जायचंय. तिला शिकवणं हे शिक्षण नव्हतं, ती भरती होती. तेव्हा ह्या नॉस्टॅल्जियावाल्यांनाही माझा रामराम. मला आजीची दिवाळी परत नकोय.

आणि पुरुषाला स्वयंपाक जमत नाही हे तर अजिबात कोणी मला सांगू नये. मराठीतलं पहिलं छापील पाककृतींचं पुस्तक म्हणून ज्याचं नाव घेतात ते 'सूपशास्त्र' १८७५ साली लिहिलं रामचंद्र सखाराम गुप्ते ह्या गृहस्थांनी. शंभर पानं उठवणारे आचारी पुरुष, देवळातल्या नैवेद्याचा स्वयंपाक करणारे पुरुष. म्हणजे पैसे मिळणार असतील किंवा पुण्य मिळणार असेल तर पुरुषाला सगळं येतं. फक्त घरी, रोजचं किंवा सणाचं फुकट करायचं म्हटलं की तो अचानक कामातून जातो. पुढे १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांचं पुस्तक आलं त्याचं नावच 'गृहिणीमित्र'. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने १९७० पासून वाटी-चमच्याच्या मापाने लाखो घरांना रांधायला शिकवलं. मापं इतकी सरळ की आठवीतला कोणताही पोरगा ते वाचून शिरा करू शकेल. पण ते पुस्तक लग्नात भेट कोणाला द्यायचे? नवरीला! नवऱ्याला 'रुचिरा' दिलेली मी अजून पाहिलेली नाही.

ह्या सगळ्याचा हिशोब सरकारने करून ठेवलाय. २०१९ साली देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण झालं, सहा वर्षांच्या पुढच्या सगळ्यांना धरून. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, आणि असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. त्यातही मेख अशी की ही ९७ मिनिटं फक्त जे करतात त्यांची. मुळात कुठलंही घरकाम करणारे पुरुष होते शंभरात २६, बायका ८१. आता मला सांगा, हे उरलेले ७४ पुरुष काय चाळिशीत एका रविवारी जागे होऊन कणीक मळायला लागणार आहेत? शक्यच नाही. ज्याच्या हाताला आठव्या वर्षी पीठ लागलं नाही त्याला अठ्ठाविसाव्या वर्षी ते चिकट वाटतं. जे करायचं ते आठव्या वर्षी.

ती रेघ पुसलेली मी एकदाच पाहिली, आणि ती पुसायला कृष्णामाई यावी लागली.

२०१९ चा ऑगस्ट. वाडीला पाणी नवीन नाही, देवळात पाणी शिरून दक्षिणद्वार झालं की लोक उलट स्नानाला येतात. पण २००५ चा पूर आणि त्यानंतर २०१९ चा, हे प्रकरण वेगळं होतं. गाव रिकामं करावं लागलं. मामा-मामी परत घरी आले तेव्हा स्वयंपाकघरात घोटाभर गाळ, डबे उलटेपालटे, सोवळ्याची लुगडी कपाटात कुजलेली. आणि गणपती २ सप्टेंबरला. आम्ही पुण्याहून पोरांना घेऊन गेलो ते खरं म्हणजे साफसफाईला. चतुर्थीच्या दिवशी मामी आणि माझी बायको मागच्या खोलीतला चिखल काढत होत्या, पुढच्या खोलीत उसनी आणलेली शेगडी, एक पातेलं आणि एक मोदकपात्र. मोदक करणारे कोण, तर मी, माझा नऊ वर्षांचा मुलगा आणि मामाचा अकरा वर्षांचा नातू. आंघोळी झाल्या होत्या, बाकी सोवळ्याचं नाव नको.

मामी दारातूनच सांगत होती, "अरे उकड गरम आहे तोवरच मळायची, हाताला तूप लाव. पारी मध्ये जाड ठेव, कडेला पातळ." पोरांनी एकवीस मोदक केले. पाचसहा फुटले, दोघांचं बखोटं एकमेकांच्या हातात आलं एकदा, एका मोदकाला कळ्या नव्हत्याच, नुसतं गाठोडं. नैवेद्य दाखवायची वेळ आली तेव्हा मामाच जरा घुटमळले. मामी म्हणाली, "दाखवा हो. देवाला काय आपली अडचण कळत नाही?"

इथे माझं भांडण आहे. देवाला पुरात अडचण कळते, मग एरवी का कळत नाही? पहाटे चारपासून कढईपाशी एकटी बसलेली बाई ही अडचण नाहीये का? एक वर्ष पाणी चढलं म्हणून नऊ वर्षांच्या पोराचा मोदक देवाला चालला, तर पुढच्या वर्षी फरशी कोरडी आहे म्हणून तो न चालायला काय झालं? कारण पुढच्या वर्षी तेच झालं. २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे आम्ही जाऊ शकलो नाही. फोनवर नातवाला विचारलं, "काय रे, मोदक कसे झाले यंदा?" तर म्हणाला, "आज्जीनं केले. मला आत घेतलं नाही." वर्षभरापूर्वी ज्याने सात मोदक वळले होते तो परत रेघेच्या अलीकडे. पोरगा काही बोलला नाही फार, पण मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही, आणि हा लेख त्याच रागातून लिहितोय.

बरं, हे काही मी जगावेगळं मागत नाहीये. कोरियात थंडीच्या आधी सगळं कुटुंब, शेजारपाजार मिळून थंडीभराचं किमची घालतात, त्याला किमजांग म्हणतात, २०१३ मध्ये युनेस्कोने त्याची नोंद घेतली. मेक्सिकोत नाताळाला तमाले करायला घरं जमतात आणि मक्याच्या पानावर पीठ पसरवायचं काम पोरांकडे असतं. जपानात पुष्कळ प्राथमिक शाळांमध्ये पोरं पांढऱ्या टोप्या घालून एकमेकांना जेवण वाढतात आणि नंतर आवरतात. आणि लांब कशाला जायचं, आपल्याच वर्ध्याला १९३७ साली नयी तालीम मांडली गेली, सेवाग्रामच्या शाळेत पोरं सूत कातायची, शेतात राबायची आणि रसोड्यात रांधायची. आपण त्यातली फक्त 'ऍक्टिव्हिटी' घेतली आणि तिला फी लावली.

आता आक्षेप. वेळ नाही, हा पहिला. खरा आहे. पोरांना घेऊन चकल्या करायला दुप्पट वेळ लागतो, तिप्पटही लागेल. पण मग पाच पदार्थांचा हट्ट कोणी सांगितलाय? चार विकत आणा. मी विकतच्या फराळाच्या विरोधात नाही, कितीतरी बायकांची आणि बचत गटांची वर्षाची कमाई दिवाळीच्या त्या तीन आठवड्यांत होते, ती होऊ दे. एकच पदार्थ घरी करा, पण तो अथपासून इतिपर्यंत पोरांचा असू दे. सामानाची यादी, वाण्याकडे जाणं, भाजणी दळून आणणं, मळणं, सोऱ्या फिरवणं, आणि शेवटी तेलकट कढई घासणं. कढई घासण्यापर्यंत काम गेलं नाही तर ते तुमचं वर्कशॉपच झालं परत.

भाजेल, हा दुसरा. कढईशी मोठं माणूस पाहिजे, ह्यात वादच नाही. तेल तापलेलं असताना सहा वर्षांच्या पोराला कोणी झारा देत नाही. पण करंजी कातणं, तिच्या कडेला दुधाचं बोट फिरवणं, शंकरपाळी कापणं, ह्यात काय भाजतंय? आणि बारा-तेरा वर्षांचं पोरगं सायकलवरून चौकातनं जातं ते चालतं तुम्हाला. चौकापेक्षा शेगडी सुरक्षित आहे, तुम्ही शेजारी उभे असाल तर.

वाया जाईल, हा तिसरा, आणि हा मला सगळ्यात आवडतो. जाईल की! मोहन जास्त पडलं की चकली तेलात तुटून जाते, कमी पडलं की दगड. पोरगं एकदा स्वतःच्या हाताने ते बघेल, मग पुढच्या घाण्याला काय बदलायचं ते स्वतः सांगेल. ह्याला आपण ऑफिसात रूट कॉज ऍनालिसिस म्हणतो आणि त्यासाठी लोकांना हॉटेलात दोन दिवस कोंडून ठेवतो. फक्त एक करा. पाहुण्यांपुढे ती वाकडी चकली ठेवताना "पोरांनी केल्यात हं" असं कसनुसं हसून म्हणू नका. ठेवा आणि गप्प बसा. पोरं ऐकत असतात.

ज्या घरात बारा वर्षांची मुलगी आधीच सकाळी सगळ्यांचे डबे भरून शाळेत जाते, तिच्या आईला हा लेख वाचून दाखवू नका. तिच्या भावाला दाखवा.

आणि कुठला पदार्थ घ्यायचा असं कोणी विचारलं तर मी अनारसे सांगतो. अवघड म्हणून लोक घाबरतात, पण पोरांसाठी त्याच्याइतकं चांगलं प्रोजेक्ट नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे आणि पाणी रोज बदलायचं. हे काम पाच वर्षांच्या पोराचं, आणि त्याने विसरलं तर तिसऱ्या दिवशी वासच सांगतो. मग कापडावर सावलीत पसरायचे, जरासे ओलसर असतानाच दळायचे, चाळायचे, गूळ घालून मळून गोळा डब्यात ठेवून द्यायचा चार-सहा दिवस. म्हणजे दिवाळीच्या दहाबारा दिवस आधी सुरुवात करायला हवी. चाचणी परीक्षा त्याच सुमारास असतात, पाणी बदलायला दोन मिनिटं लागतात. थापायचा खसखशीवर आणि तळायचा खसखशीची बाजू वर ठेवून, उलटायचा नाही. गूळ जास्त झाला असेल तर अनारसा तुपात हसतो, म्हणजे पसरून जाळी-जाळी होऊन विखरतो. पहिला बहुधा हसतोच. तो झाऱ्याने गोळा करून ताटलीत काढावा, आणि ज्याने पाणी बदललं त्याला आधी द्यावा, गरम असताना, वर थोडं दूध घालून. फार झकास लागतो.